हिरवी टिकली

सरक, जवळ सरक. कागदावर लिहिलंय म्हणून लांबून वाचायचं नाही. मी समोर बसून बोलतेय असं समज आणि कान दे. आधी थोडं रागावून घेते, मग गोष्ट.

परवा फोनवर काय म्हणालीस गं? "मावशी, कंपनीनं मला बेंचवर बसवलंय, दोन महिने झाले, प्रोजेक्टच नाही. नुसती बसून आहे. माझा काही उपयोगच नाही इथं." अय्यो! इतकी शिकलीस, सर्जापूर रोडवर चौदाव्या मजल्यावर राहतेस, आणि बोलतेस हे असं. बसून आहे म्हणजे उपयोग नाही, हे तुला कुणी शिकवलं? तुझी मावशी दीड वर्ष नुसती बसून होती. बसण्याचा पगार घेत होती. आणि ज्या माणसानं मला बसवलं त्याच्याएवढे उपकार माझ्यावर माझ्या माहेरानंही केले नाहीत. त्यांच्याबद्दल तुला कधी सांगितलंच नाही, ही माझी चूक. आज सांगते.

आमचे सर. ते निपाणीकडचे, मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांच्या तोंडात सारखंच. पण मराठी आपल्यासारखं नाही हं. आपण बेंगळूरचे तीन-चारशे वर्षांचे, आपलं मराठी स्वल्प मऊ. त्यांचं कसं, प्रत्येक वाक्याला शेवटी "की" नाहीतर "ओ". "बसा की ओ." "होय की." रागावले तरी तसंच, त्यामुळं ते रागावलेत हे कळायला मला वर्ष लागलं.

मल्लेश्वरमला एक ट्रस्ट होता. नाव कशाला, आता तो राहिलाही नाही. काम एकच: शहरात कोणत्या रक्तगटाचा माणूस कुठं राहतो, त्याला निरोप कसा पोचवायचा, ह्याची यादी ठेवायची. तेव्हा मोबाइल कुठले? "समोरच्या बेकरीत फोन करा, ते हाक मारतात" असे पत्ते. कुठल्याही दवाखान्यातून फोन आला की यादीत बघून माणूस शोधून द्यायचा. आधी ती यादी कार्डांवर होती. एका पावसाळ्यात छप्पर गळलं, अर्धी कार्डं लगदा झाली, तेव्हा एका देणगीदारानं सर्व्हर घेऊन दिला. सर त्या सर्व्हरचे मालक म्हण, पुजारी म्हण, काय वाटेल ते म्हण.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची ही गोष्ट. तुझ्या काकांची गिरणी बंद पडलेली, मी चाळिशीची, दहावी पास, टायपिंग स्वतःच शिकलेली. शेजारणीनं सांगितलं म्हणून कामाला विचारायला गेले. सरांनी माझे कागद पाहिलेच नाहीत. म्हणाले, "अक्का, घरात गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला असतो का?"

मी म्हटलं, "दुसरा सिलिंडर मिळालाच नाही हो सर, नंबर लावलाय. पण रॉकेलचा स्टोव्ह आहे. दर शुक्रवारी पेटवून बघते."

"का बघता?"

"लागेल तेव्हा पेटला नाही तर काय करू?"

"उद्यापासून या की," एवढंच म्हणाले.

आता ह्या माणसाच्या सवयी ऐक. शर्टाच्या खिशात दोन पेनं. तिसरं पायमोज्यात! तिसऱ्यानं कधी लिहायचं नाही, फक्त महिन्याच्या एक तारखेला काढून एक ओळ लिहून बघायची आणि परत मोज्यात. छत्र्या तीन: एक हातात, एक ऑफिसच्या दारामागं, एक बसस्टॉपजवळच्या इडलीवाल्याकडं. त्या इडलीवाल्याला तर वाटायचं हा माणूस छत्री विसरतो, बिचारा दर आठवड्याला आठवण करून द्यायचा. स्कूटर धुवायची तर आधी स्टेपनी. हवा भरायची तरी आधी स्टेपनीत. पेट्रोल पंपावरचा माणूस हसला की म्हणायचे, "चालणाऱ्या चाकांची काळजी रस्ता घेतोय की. हिला कोण विचारणार?"

आणि डबा. डब्यात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, आणि वेगळ्या फडक्यात तिसरी. तिसरीला चार वाजेपर्यंत हात लावायचा नाही. कुणाचा डबा राहिला, कुणाचा सांडला, कुणी फिरतीवरून उपाशी आलं, तर ती त्याची. चार वाजेपर्यंत कुणीच आलं नाही तर वॉचमन मुनियप्पाची. मुनियप्पा रोज पावणेचारला देवाला हात जोडायचा, आज कुणी उपाशी येऊ नये म्हणून.

पण ह्या सगळ्या सवयींची आई होती त्या सर्व्हरच्या खोलीत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला तिथं नेलं. गार खोली, चप्पल बाहेर. मशीनच्या पोटात चार डिस्का शेजारी शेजारी, प्रत्येकीला छोटा दिवा. तीन दिवे लुकलुकत होते, चौथा नुसता हिरवा, स्थिर. मी भोळेपणानं विचारलं, "ही बिघडलीय का सर?"

"ही राखीव," ते म्हणाले. "कंपनीच्या पुस्तकात हॉट स्पेअर लिहिलंय. तुम्हाला घरातलं सांगतो. ह्या तीन जावा समजा. काम तिघींत असं वाटलंय की एक माहेरी गेली तर उरलेल्या दोघी मिळून तिच्या वाट्याचं सगळं सांगू शकतात. घर चालतंय. पण दोघी एकदम गेल्या तर? घर बंद. यादी गेली. म्हणून ही चौथी. दारात पदर खोचून उभी. एक गेली की कुणी सांगायची वाट न बघता ही तिच्या जागेवर जाणार, आणि त्या दोघी हिला पहिलीचं सगळं काम सांगत बसणार. ते सांगून होईपर्यंत काही तास जातात. तेवढे तास घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही."

"स्टेपनीसारखं," मी म्हटलं.

"स्टेपनीला उतरून हात काळे करावे लागतात ओ. ही चालत्या गाडीत आपण होऊन चढते." मग त्यांनी बोटांची मागची बाजू त्या चौथ्या डिस्केला लावली, आपण तापलेल्या पोराच्या गळ्याला लावतो तशी. "बघा. गरम आहे. फिरतीय. बसलीय म्हणजे झोपली नाही."

रोज सकाळी हे करायचे. तिघींना नाही, फक्त चौथीला.

आणि टिकल्या. हसू नकोस. कुठली डिस्क कामातली, कुठली राखीव, हे चटकन दिसावं म्हणून त्यांनी माझ्याकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं. तिघींना तांबडी, चौथीला हिरवी. कारण चौथी नेहमी शेवटच्याच जागी असते असं नाही. आदल्या वर्षी इमारतीची वायरिंग बदलायला मशीन बंद केलं होतं. परत चालू केलं तर तीन उठल्या, डावीकडून दुसरी उठलीच नाही. वर्षानुवर्षं फिरत होती, एकदा थांबली ती थांबलीच. तेव्हा शेवटची राखीव होती, ती कामाला लागली. मग दुसरीच्या जागी नवी डिस्क बसवली, ती झाली राखीव. म्हणजे राखीव शेवटून उठून दुसऱ्या जागेवर आली, म्हणून हिरवी टिकली दुसरीला. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

तेव्हापासून सरांचा एक नियम: हे मशीन बंद करायचं नाही. आणि बाहेर काढलेली डिस्क त्यांनी पाहिल्याशिवाय परत आत घालायची नाही.

आमचे सेक्रेटरीसाहेब ह्या चौथीवर फार चिडून असायचे. माणूस चांगला, ट्रस्टसाठी ऊन-पाऊस बघितला नाही, पण कुणी बसलेलं त्यांना सोसायचं नाही. दर बैठकीत काढायचेच, "तीन कामाला आणि एक बसून! जागा कमी पडतीय म्हणता, मग तिला लावा की कामाला."

सर म्हणायचे, "तिचं काम चालूच आहे साहेब."

"काय काम?"

"असणं."

मग साहेबांची नजर हळूच माझ्याकडं वळायची. कारण मीसुद्धा तेच करत होते ना! मशीनवर ललिता बसायची, बी.एस्सी. झालेली, चुणचुणीत. माझी खुर्ची तिच्या शेजारी. काम काय? बघणं. महिनेच्या महिने नुसतं बघणं. साहेब म्हणायचे, "अक्का, आज काय बघितलंत?" आणि सगळे हसायचे. मी घरी येऊन रडले आहे गं. तुझ्या काकांना म्हटलंसुद्धा, साकु, पुरे झालं, नको हे बसून खाणं, मी पापड लाटेन. ते म्हणाले, "त्या सरांना विचार तरी, का बसवलंय."

विचारलं. सर म्हणाले, "अक्का, मंगळवारी अकरा ते बारा तुम्ही काय करता?"

मंगळवारी अकरा ते बारा ते ललिताला खुर्चीतून उठवायचे. "जावा, कॉफी पिऊन या." आणि मला तिथं बसवायचे. खरे फोन, खरे दवाखाने. ललिताला आधी राग आला, "माझ्यावर विश्वास नाही का सर?" ते म्हणाले, "तुमच्यावर आहे म्हणून तर. तुम्हाला ताप येईल त्या दिवशी तुम्ही निवांत झोपावं." मग ललिताच मला शिकवायला लागली.

पण सगळ्यात गमतीचा शनिवार. शनिवारी दुपारी सर स्वतःची खुर्ची भिंतीकडं फिरवायचे, डोक्यावर रुमाल टाकायचे आणि म्हणायचे, "अक्का, मी गावाला गेलोय."

सर्व्हरची फेरी मी मारायची. दिवे बघायचे, यादीची नक्कल टेपवर भरायची, वहीत लिहायचं. पहिल्यांदा मी घाबरून विचारलं, "सर, इथं पडद्यावर काहीतरी आलंय, काय करू?"

भिंतीकडून आवाज आला, "मी गावाला गेलोय की ओ. इथं नाही."

"अहो पण सर, तुम्ही दिसताय!"

"दिसतोय. पण नाही."

काय करणार? पुस्तक उघडलं, शब्दाला शब्द लावून वाचलं, स्वतःच निस्तरलं. चार वाजता रुमाल निघायचा. "आलो गावाहून. काय काय झालं सांगा." चुकलेलं असलं तर ओरडायचे नाहीत. "पुन्हा जाईन तेव्हा असं करा," म्हणायचे. मुनियप्पा मला म्हणायचा, "अक्का, ह्यांच्या गावाला एस.टी. लागत नाही, बरं आहे."

आणि एक दिवस ते खरंच गावाला गेले.

त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दसऱ्याचा आठवडा. ललिताही सुट्टीवर. निघताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "अक्का, जातो." मला वाटलं दहा सूचना देतील. काही नाही. एक लवंग तोंडात टाकली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आपली खंडेनवमी, इथली आयुधपूजा. तुला माहीतच आहे, त्या दिवशी बेंगळुरात रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना अंघोळ आणि हार. आदल्या संध्याकाळी मी सर्व्हरची खोली लख्ख पुसली. डिस्कांवरच्या जुन्या टिकल्या धुळीनं काळ्या झालेल्या, त्या खरवडून काढल्या आणि नव्या लावायला घेतल्या. पाकिटात हिरवी नव्हती. मी मनात म्हटलं, सणाचा दिवस, एकीलाच बिनटिकलीची कशाला ठेवू? चौघींना तांबड्या लावल्या. हिरवी उद्या आणते, दुसऱ्या जागेवरची राखीव हे मला माहीतच आहे की. मला माहीत होतं गं. इतर कुणाला नव्हतं, हे डोक्यातच आलं नाही.

आता साहेबांचं ऐक. दर वर्षी सर आयुधपूजेला एक जुना मेलेला कॉम्प्युटर पुढं करायचे. पूजेचीसुद्धा राखीव मूर्ती! त्यालाच हार, त्यालाच कुंकू, आणि सर्व्हर चालू. त्या वर्षी सर नाहीत बघून साहेबांच्या मनात आलं की मेलेल्या मशीनची पूजा बरी नव्हे, खऱ्याची करू. खरं मशीन चालू आहे, बरं. मग त्यातली जी बसून आहे तीच ताटात घेऊ, ती काढल्यानं कुणाचं काय अडतंय? चालत्या मशीनमधून डिस्क काढता येते हे त्यांनी गेल्या वर्षी इंजिनियर आला तेव्हा पाहिलं होतं. आणि राखीव शेवटची, हे त्यांना जुनं पाठ होतं.

मी फाटकात रांगोळी काढत होते. दहा वाजले असतील. आतून किर्र असा आवाज सुरू झाला, थांबेचना. हातातली रांगोळी टाकून तशीच पळाले.

साहेब ताट घेऊन उभे. ताटात केळीचं पान, लिंबू, मोगऱ्याचा गजरा, आणि मधोमध हळद-कुंकू लावलेली शेवटची डिस्क. चेहरा पोरासारखा घाबरलेला. "काय झालं अक्का? बसलेलीच काढली ना मी?"

"ही कामातली साहेब!"

"अय्यो देवा! मग घालतो परत." आणि ते ती हळदीची डिस्क घेऊन वाकले.

मी त्यांचा हात धरला. हो, साहेबांचा. मनगट, घट्ट. आयुष्यात परक्या पुरुषाचा हात असा कधी धरला नव्हता. "घालू नका! दुसरी बघा."

दुसऱ्या डिस्केचा दिवा. वर्षभर मी तो स्थिर पाहिला होता. आता तो भराभरा लुकलुकत होता. कुणी सांगितलं नाही, कुणी बटण दाबलं नाही. आपण होऊन चढली होती. पडद्यावर आकडा होता, शंभरातला दोन.

"त्या दोघी हिला सांगायला बसल्यात," मी म्हटलं. "आता ही परत आत शिरली तर मशीननं कुणाचं खरं मानायचं?"

साहेबांना एक अक्षर कळलं नसेल. पण ते मागं सरले. मी किर्र आवाज बंद केला. कुठल्या बटणानं, ते एका शनिवारी पुस्तकात वाचलं होतं.

मग सुटला त्यांचा धीर. "अक्का, अकराचा मुहूर्त आहे. मला तर वाटतं देवालाच हे चालू ठेवलेलं आवडलं नाही. आता सगळं बंद करू, पूजा करू, मशीनलाही विसावा. उद्या कंपनीचा माणूस बोलावू." आणि हात मुख्य बटणाकडं.

आता उरल्या होत्या दोनच. बंद केलं, परत चालू केलं, आणि त्यातली एक गेल्या वर्षीसारखी उठलीच नाही तर? सगळी यादी गेली. शनिवारची टेप होती, पण तिच्यावरून सगळं परत चढवायला कंपनीचाच इंजिनियर लागे आणि दसऱ्याच्या आठवड्यात तो कुठून आणायचा? दोन-तीन दिवस आमच्याकडं कुणाचा पत्ता नाही, कुणाचं नाव नाही. त्या दिवसांत ज्याला रक्त लागेल त्यानं काय करायचं?

गावी फोन लावला. सरांच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या दुकानात होता. दुकानदार म्हणाला, "ते दवाखान्यात गेलेत की. संध्याकाळी येतील."

रिसीव्हर हातात तसाच धरून मी उभी राहिले आणि मला भिंतीकडं तोंड केलेली ती खुर्ची दिसली. रिकामी. दिसतोय पण नाही म्हणायचे, आज दिसतही नव्हते. आणि काय सांगू तुला, एकदम छातीतली धडधड थांबली. हे मी केलंय, म्हटलं. दर शनिवारी केलंय.

"साहेब," मी म्हटलं, "मशीन बंद होणार नाही."

"तुम्ही कोण ठरवणार?" त्यांचा आवाज चढला. "कालपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या तुम्ही—"

"त्यासाठीच बसले होते. सर नाहीत तेव्हा ह्या खोलीत मी."

काय झालं असतं कुणास ठाऊक. तेवढ्यात फोन वाजला.

एका बाळंतिणीच्या दवाखान्यातली नर्स. बाळ झालं, बाईचं रक्त थांबत नाही, ओ निगेटिव्ह, घरच्यांत कुणाचं जुळत नाही, रक्तपेढीत एकच बाटली. "आत्ता हवंय अक्का, आत्ता."

मी खुर्चीत बसले. ललिताच्या खुर्चीत. मंगळवारच्यासारखं टाइप केलं आणि थांबले. एरवी यादी झटकन यायची. त्या दिवशी मशीन दोन कामं करत होतं, सांगायचंही आणि चालवायचंही. पडदा काळा. साहेब माझ्या मागं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग एक नाव आलं. थांबलं. दुसरं आलं. तिसरं. एकेक ओळ, म्हातारं माणूस जिना चढतं तशी. पण आली.

पहिला माणूस सणाला गावी गेलेला. दुसऱ्याकडं फोन उचलला नाही. तिसरा महादेवपुराचा. तेव्हा महादेवपुरा म्हणजे अर्धं शेत गं, तुमच्या काचेच्या इमारती कुठल्या. पत्त्यात लिहिलेलं, सायकलच्या दुकानात फोन करून हाक मारायला सांगा. हाक मारली. तो माणूस दुकानातच होता, आपल्याच सायकलीला हार घालत. म्हणाला, "हार घालून झालाच अक्का, निघतो." नर्सला दुसऱ्या नंबरचाही पत्ता देऊन ठेवला. सरांनी तेच केलं असतं.

फोन ठेवून मागं वळले तर साहेब बटणापासून लांब, दाराशी उभे. हळूच म्हणाले, "एक नसतानासुद्धा सांगितलं मशीननं?"

"सांगितलं."

"आणि बंद केलं असतं तर…" ताट घेऊन बाहेर गेले, स्टूल ओढलं आणि सर्व्हरच्या दारात बसले. मुहूर्त गेला. मुनियप्पा कोहळा घेऊन आला, इथल्या रिवाजाप्रमाणं कुंकू भरून उंबऱ्यावर फोडायला. साहेबच त्याला ओरडले, "इथं बेडा, इथं नको! लांब जा, फाटकापलीकडं फोड. आत बोलणं चाललंय!"

अडीच-पावणेतीनला पडद्यावर शंभर झाले. मी उठून बोटांची मागची बाजू दुसऱ्या डिस्केला लावली. चांगली गरम होती. मग साहेबांनी दारातूनच आरती ओवाळली, चालत्या मशीनला, आणि सगळ्यांना कडलेपुरी, म्हणजे आपले चुरमुरे-डाळं, वाटली. माझ्या ओंजळीत दोन मुठी जास्त घातल्या. संध्याकाळी नर्सचा फोन आला की बाई शुद्धीवर आहे, मुलगी झालीय. ते ऐकल्यावर मात्र मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

सर आले तीन दिवसांनी. मी झोपले नव्हते धड. त्यांनी खुर्ची फिरवायच्या आत सगळं सांगून टाकलं, टिकल्यांसकट. "चूक माझी सर. चौघींना तांबड्या मी लावल्या. साहेबांना काही बोलू नका."

त्यांनी ऐकून घेतलं. लवंग चावली. मग टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला आणि आतून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. हिरव्या टिकल्या. भरलेलं, न फोडलेलं.

"राखीव पाकीट होतं ओ," ते म्हणाले. "कुठं आहे ते तुम्हाला सांगायचं राहिलं. चूक माझी."

एवढंच. त्या दिवशी त्यांनी हळदीची डिस्क ब्रशनं झाडली, तपासली, दोन दिवस दुसऱ्या मशीनवर फिरवून बघितली आणि शेवटच्या जागी परत बसवली. आता ती राखीव. हिरवी टिकली लावायला मला सांगितलं. मग म्हणाले, "अक्का, गावी संध्याकाळी दुकानदारानं निरोप दिला की ऑफिसातून फोन आला होता. मी परत लावला नाही. रागावलात?"

"नाही सर. पण का नाही लावला?"

"तुम्ही होता की."

साहेबांनी चौथ्या डिस्केचं नाव बैठकीत पुन्हा कधी काढलं नाही. माझंही नाही. ललिता पुढं लग्न होऊन गेली तेव्हा तिची खुर्ची मला मिळाली, आणि माझ्या जुन्या खुर्चीत सरांनी लगेच दुसरी मुलगी आणून बसवली. नुसती बघायला. मी तिला कधीच हसले नाही.

सर निवृत्त होऊन गावी गेले. पत्रं लिहायचे. आणि पत्रं कशी? प्रत्येक पत्र दोनदा! आज एक टाकायचं, दोन दिवसांनी तेच दुसऱ्या पेटीत. पोस्टमन मला म्हणायचा, "अक्का, ह्यांना विसर पडतोय का?" मी म्हणायची, "नाही रे बाबा, हे काहीच विसरत नाहीत." मी दोन्ही वाचायची. दुसरं वाचतानाही पहिल्यासारखंच वाटायचं.

मग एक कार्ड आलं, त्यांच्या मुलाचं. सर गेल्याचं. मी ते वाचलं आणि फळीवर ठेवलं. आणि वेडेपणा बघ माझा, पुढचे चार-सहा दिवस मी दारात पोस्टमनची वाट बघत होते. तसलंच दुसरं कार्ड यायची. ते आलं नाही. तेव्हा कुठं पटलं.

म्हणून म्हणते, परत असं बोलायचं नाही. बसलीयस ना, बस. पण रोज स्वतःला हात लावून बघ, गरम आहेस का. शेजारचा काय करतोय ते बघ, पुस्तक उघड, मंगळवारी कुणाची तरी खुर्ची मागून घे. ज्या दिवशी एखादा दिवा विझेल त्या दिवशी तुला कुणी सांगायला येणार नाही, तुलाच आपण होऊन चढायचंय.

आणि सर्जापूर रोडहून मल्लेश्वरम काही काशी नाही. मेट्रो झाली, बस आहे, रिक्षावाल्याला स्वल्प गोड बोललीस की तोही येतो. मी रोज दोन भाकऱ्या करते, एक माझी, एक फडक्यात. चारपर्यंत तिला हात लावत नाही. रोज वाट बघून चार वाजता खालच्या वॉचमनला देते, आणि तो आता फार लठ्ठ व्हायला लागलाय. ये ह्या रविवारी. चारच्या आत ये बरं, सरी?